कोकणातील जुन्या कब्रस्तानातल्या सैनिकांच्या कबरी: ओळख, जतन आणि मानवंदना

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. रायगड जिल्ह्यातील आपल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील ज्यू समाजाच्या जुन्या कब्रस्तानात पलटणीत नोकरी केलेल्या पूर्वजांच्या कबरी आहेत आणि काही शिळांवर ‘सुभेदार’, ‘जमादार’ असे हुद्दे अजून वाचता येतात. विश्वस्तांकडे थोडा निधी जमला आहे आणि इस्रायलमध्ये स्थायिक झालेले नातेवाईकही हातभार लावायला तयार आहेत. या पैशातून प्रत्येक सैनिकाच्या कबरीवर काळ्या ग्रॅनाइटची नवी शिळा बसवावी, शेजारी छोटा तिरंगा रोवावा आणि लष्कराला बोलावून मानवंदना द्यावी, असा आपला बेत आहे. या कबरींची जबाबदारी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन किंवा सरकार घेईल का, हेही आपण विचारले आहे. जुन्या दफनभूमींच्या नोंदी करणे आणि लष्करी कागदांशी त्या ताडून पाहणे हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे सविस्तर लिहितो. आपल्या बेतातला क्रम मला उलटा वाटतो: आधी ओळख, मग जतन, आणि या दोन्ही गोष्टी झाल्यावरच मानवंदना. ग्रॅनाइटचा विचार मात्र मुळातच सोडून द्यावा, असे माझे मत आहे.

जबाबदारीचा मुद्दा आधी घेतो, कारण बहुतेक विश्वस्त मंडळे या एका आशेवर वर्षानुवर्षे थांबून राहतात. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची स्थापना मे १९१७ मध्ये ‘इम्पीरियल’ या नावाने झाली आणि १९६० साली ‘कॉमनवेल्थ’ हे नाव आले. हा आयोग दोन महायुद्धांतील मृतांसाठी आहे आणि त्याच्या तारखा काटेकोर आहेत: पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात सैनिक सेवेत असताना वारला, तर तो गोळी लागून गेला, विषमज्वराने गेला की रेल्वेच्या अपघातात, याने फरक पडत नाही. सेवेतून मोकळा झाल्यावर वारला असेल, तर मृत्यूचे कारण सेवेतील जखम किंवा आजार होते, हे कागदांनिशी दाखवावे लागते. म्हणजे १८८० च्या अफगाण मोहिमेतून परतून पुढे अनेक वर्षे पेन्शन खाल्लेले आपले सुभेदार, किंवा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, सुखरूप येऊन १९३५ साली अंथरुणावर वारलेले हवालदार या व्याख्येत बसत नाहीत. दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारक, ज्याचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले, ते स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांसाठी आहे. लढून घरी आलेला आणि गावच्या मातीत पुरला गेलेला माणूस या दोन्ही चौकटींच्या बाहेर राहतो. अमेरिकेत पात्र माजी सैनिकाची कबर बेनाव असेल तर सरकार तिच्यासाठी विनामूल्य शिळा देते. आपल्याकडे तशा एखाद्या हक्काची वाट पाहत बसू नये. या कबरी समाजाच्या आहेत आणि त्यांची काळजी समाजालाच घ्यावी लागेल, हे एकदा मनाशी पक्के केले की पुढची कामे सोपी होतात.

तरीही आपल्या यादीतील प्रत्येक नाव आयोगाच्या तारखांशी ताडून पाहाच, कारण एखादे नाव अनपेक्षितपणे आत बसते. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाख्यात हाहाकार उडवला होता. त्या साथीत छावणीत किंवा रजेवर घरी आलेला, पण नावाने अजून पलटणीत असलेला शिपाई वारला असेल, तर तो आयोगाच्या दृष्टीने युद्धातील मृतच ठरतो. आयोगाच्या सूचीत नाव, पलटण आणि तारीख यांवरून शोध घेता येतो. तिथे नाव सापडले नाही म्हणजे ते वगळले गेले, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको, आणि नसेल तर नसू दे, असे म्हणून सोडूही नये. आयोगाच्याच विशेष समितीने २०२१ साली कबूल केले की पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांचे, ज्यांत पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन लोक सर्वाधिक होते, नावानिशी स्मरण झाले नाही, आणि आणखी ४५,००० ते ५४,००० जणांचे, ज्यांत हिंदी सैनिक मोठ्या संख्येने होते, स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही. त्यामुळे सेवेचा आणि मृत्यूचा असे दोन्ही पुरावे हाती असतील तर अर्ज करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

खडकीच्या युद्धसमाधीस्थळाबद्दल नेहमी गैरसमज होतो, म्हणून दोन शब्द. तिथे दुसऱ्या महायुद्धातील दीड हजाराहून अधिक कबरी आहेत आणि त्याच आवारात १९१४-१९१८ चे स्मारक आहे. या स्मारकावर अठराशेहून अधिक जणांची नावे आहेत, पण त्यांचे देह तिथे नाहीत. भारत आणि पाकिस्तानातील ज्या छावणी व नागरी दफनभूमींची देखभाल पुढे अशक्य झाली, तिथे ते पुरलेले आहेत. नाव एका गावी आणि कबर दुसऱ्या गावी, असा प्रकार त्यामुळे सर्रास आढळतो. मुंबईतही मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. कोकणातल्या ज्या घराण्यांत कोणी जहाजावर गेला आणि परतला नाही, त्यांनी ही जागा जरूर पाहावी. आपल्या कब्रस्तानाशी तिचा थेट संबंध नाही, पण एखाद्या घराच्या आठवणीतला ‘लढाईत गेलेला’ माणूस फौजेत नव्हे, बोटीवर होता, असे निघाल्याची उदाहरणे आहेत.

आता ओळख पटवण्याकडे वळतो, कारण खरे काम इथेच आहे. पहिली गोष्ट म्हणजे कब्रस्तानाचा नकाशा. पावसाळा संपल्यावर रान कोयत्याने हाताने तोडावे. जाळू नये आणि तणनाशकही मारू नये, कारण आगीने संगमरवर तडकतो. कबरीच्या सांध्यात पिंपळ किंवा वड रुजला असेल तर तो उपटू नये. मुळाबरोबर चिरा निघून येतो. खोड कापून ठेवावे आणि जाणकाराच्या हाताने मुळे मारावीत. मग ओळीनुसार प्रत्येक कबरीला क्रमांक द्यावा, पण तो कागदावर. दगडावर रंगाने आकडे घालणाऱ्या उत्साही मंडळींना पहिल्याच दिवशी आवरावे. प्रत्येक कबरीची दोन छायाचित्रे घ्यावीत, एक पूर्ण आणि एक फक्त लेखाचे.

पुसट लेख वाचण्यासाठी शिळेवर खडू, पीठ, हळद किंवा दाढीचा फेस चोळण्याची पद्धत दिसते, ती टाळावी. उजेड तिरपा पडला की झिजलेले अक्षर आपोआप उठून दिसते. सकाळी ऊन कलते असताना, किंवा शिळा सावलीत असेल तर एका माणसाने दारापाठचा मोठा आरसा धरून ऊन शिळेच्या कडेने घासत सोडले, म्हणजे ‘सु…र बहा…’ एवढेच दिसणारी ओळ ‘सुभेदार बहादूर’ म्हणून वाचता येते. दुसरे असे की शिळेच्या सगळ्या ओळी जमिनीच्या वर असतातच असे नाही. कोकणातल्या पावसात दरवर्षी माती वाहून येते आणि शिळा खचते. वरच्या भागात हिब्रू आणि नाव असते, तर पलटण, हुद्दा आणि पेन्शनीचा उल्लेख बहुधा खालच्या ओळींत असतो, जो आज वीतभर मातीखाली गेलेला असतो. शिळा न हलवता तिच्या पुढ्यातली माती करणीने हळूहळू बाजूला करावी, लेख टिपून घ्यावा आणि माती परत लोटावी. ‘फौजी नाहीत’ म्हणून सोडलेल्या कबरींपैकी काहींचा उलगडा एवढ्यानेच होतो.

तारखांबाबत तीन सापळे आहेत. हिब्रू वर्ष अक्षरांत कोरलेले असते आणि हजार सोडून दिलेले असतात. ताव, रेश, आयिन, हेत ही अक्षरे म्हणजे ४००, २००, ७० आणि ८, एकूण ६७८, अर्थात ५६७८. या तीन आकडी संख्येत १२४० मिळवले की इसवी सन १९१८ येतो. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलते, त्यामुळे वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मृत्यूसाठी त्यातून एक वजा करावा लागतो. १९१८ च्या शरद ऋतूत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या सर्वांत भयंकर लाटेत वारलेल्या माणसाच्या शिळेवर ५६७९ असते, आणि सरधोपट हिशेब केला तर तो १९१९ साली गेला असे निघते. मग लष्करी नोंदीशी मेळ बसत नाही आणि माणूस ‘सापडला नाही’ म्हणून सुटतो. शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवावेत. तिसरा सापळा आपल्या देवनागरी आकड्यांचा. झिजलेल्या दगडावर १ आणि ९ यांत फरक राहत नाही. पूर्वी कोणी पेंटर लावून अक्षरे काळ्या ऑइलपेंटने भरून घेतली असतील, तर त्या रंगावर बिलकूल विश्वास ठेवू नका. रंगाखालची मूळ खोदाई बोटाने चाचपून पाहा.

नावांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. आपल्या समाजातील जुनी पुरुषनावे कोकणी वळणाने चालत: शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, मोशेचा मुसाजी. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत सापडून सुटलेले आणि १७९६ साली मुंबईत मांडवीला पहिले सिनेगॉग बांधणारे कमांडंट सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे समाजात सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. शिळेवर हिब्रूत एक नाव, मराठीत दुसरे, आणि पलटणीच्या इंग्रजी हजेरीपटावर कारकुनाने ऐकले तसे तिसरे, असा प्रकार जवळजवळ नियमाने भेटतो. शिवाय गावावरून पडलेले ‘कर’ आडनाव हजेरीपटावर बहुतेक वेळा नसतेच. तिथे स्वतःचे आणि बापाचे नाव एवढेच असते. म्हणून शोध घेताना आडनाव बाजूला ठेवावे आणि बापाचे नाव, हुद्दा व पलटणीचा क्रमांक या तीन गोष्टी धरून चालावे.

पलटणीचा क्रमांक हा सर्वांत भरवशाचा धागा आहे, मात्र तो कोणत्या काळातला आहे हे ठाऊक हवे. मुंबईच्या फौजेतील पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत १९०३ साली शंभर मिळवले गेले आणि १९२२ साली त्या मोठ्या रेजिमेंटांत गुंफल्या गेल्या. तिसरी पलटण १०३ वी झाली आणि नंतर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे आजची ‘जंगी पलटण’. पाचवी पलटण १०५ वी होऊन त्याच रेजिमेंटची दुसरी बटालियन, ‘काली पांचवी’. पण शिळेवर ‘२५ वी पलटण’ असेल तर ती १२५ वी नेपियर्स रायफल्स होऊन पुढे राजपुताना रायफल्समध्ये गेली, आणि ‘ग्रेनेडियर’ असेल तर धागा ग्रेनेडियर्सकडे जातो. मराठी माणसाची पलटण म्हणजे बेळगाव, असे धरून तिथल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला पत्रे पाठवत बसणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात एकाच कब्रस्तानातल्या शेजारशेजारच्या दोन सुभेदारांसाठी एक पत्र दिल्लीला आणि दुसरे जबलपूरला लिहावे लागू शकते. पत्रात नावाच्या सर्व रूपांसह शिळेचे छायाचित्र जोडावे. रेजिमेंटल केंद्रांतील अधिकारी आपल्या इतिहासाबद्दल आस्था बाळगून असतात, पण ‘आमचे पणजोबा फौजेत होते’ एवढ्या माहितीवर कोणालाच काही करता येत नाही.

हुद्द्यांबरोबरच्या पदव्याही बोलक्या असतात. ‘सरदार बहादूर’ आणि ‘बहादूर’ या ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडियाच्या अनुक्रमे पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या पदव्या आहेत. हा सन्मान १८३७ साली सुरू झाला आणि दीर्घ, निष्कलंक सेवा केलेल्या देशी अधिकाऱ्यांनाच मिळत असे. एखाद्या शिळेवर ही पदवी असली तर त्या माणसाचा मागोवा छापील लष्करी याद्यांतून लागण्याची शक्यता चांगली असते. दुसरीकडे, विसाव्या शतकात नोकरीला लागलेल्यांच्या कबरींवर सुभेदार-जमादार शोधत बसू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जातवार भरतीचे धोरण आले आणि बेने इस्रायलांची पायदळातील जागा आक्रसली. त्यानंतरची मंडळी लष्करी इस्पितळे, कारकुनी आणि रेल्वे यांकडे वळली. ‘सब-असिस्टंट सर्जन’ असे लिहिलेली शिळा सैनिकाची म्हणून मोजली जात नाही, पण तो माणूस बसऱ्याच्या इस्पितळात राबलेला असू शकतो. त्याला यादीतून वगळणे मला तरी अन्यायाचे वाटते.

दगड बोलत नसेल तिथे घरातले ट्रंक उघडायला सांगावे. पहिल्या महायुद्धातील रुपेरी ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते; भिंग धरून वाचावी. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे नसून काशाचे असेल तर तो माणूस बिगरलढाऊ, म्हणजे भिश्ती, खेचरवाला, स्वयंपाकी अशा ‘फॉलोअर’ वर्गातला होता. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाचा, माणसाचे नाव असलेला पण हुद्दा नसलेला काशाचा गोल पत्रा निघाला, तर तो युद्धातील मृताच्या वारसाला दिलेला स्मृतिफलक आहे, आणि मग आयोगाकडे जाण्याचा रस्ता मोकळा होतो. पदके ब्रासोने घासण्याचा मोह आवरा, कडेवरची अक्षरे त्यातच जातात. जंगी इनामाचा, म्हणजे युद्धसेवेबद्दलच्या बक्षिसाचा कागद, पेन्शनीचे पुस्तक, डिस्चार्ज सर्टिफिकेट यांची छायाचित्रे मागवावीत. जुने घरगुती कागद मोडीत असतील तर मोडी वाचणारा शोधावा; नातेवाइकांनी ‘गिचमिड’ म्हणून बाजूला टाकलेल्या कागदातच पलटण आणि साल निघते. इस्रायलमधील मंडळींचा खरा उपयोग इथे आहे. पैशापेक्षा लोद किंवा अश्दोदच्या घरातील जुन्या अल्बमची छायाचित्रे पाठवली, तर ती अधिक मोलाची ठरतील.

आता ग्रॅनाइट. नवी चकचकीत शिळा बसवायची तर जुनी काढावी लागते, आणि काढलेली शिळा कुंपणाला टेकवली जाते, तिथून पायरीला जाते. मूळ शिळा हाच पुरावा असतो. नव्या शिळेवर पेंटरने आणि समितीने मिळून जे लिहिले ते उरते, आणि वर सांगितलेला १ आणि ९ चा घोळ कायमचा दगडावर कोरला जातो. शिवाय एका ओळीत जांभ्याच्या साध्या कबरींमध्ये चार काळ्या आरशांसारख्या शिळा उभ्या राहिल्या, तर बाकीचे पूर्वज दुय्यम दिसू लागतात. सैनिकाचा मान करताना त्याच्या बायकोच्या आणि भावाच्या कबरीला खाली ढकलणे समाजालाही रुचणार नाही. माझा सल्ला असा: जुनी शिळा जागच्या जागी ठेवावी, आणि ज्यांची ओळख कागदांनिशी पटली आहे त्यांच्या पायथ्याशी हातभर रुंदीचा, जमिनीलगतचा साधा दगड बसवावा. त्यावर नाव, हुद्दा, पलटण आणि ज्या मोहिमेत सेवा केली ती मोहीम, एवढेच मराठीत आणि हिब्रूत असावे. वीरश्रीची विशेषणे घालू नयेत. ओळख अर्धवट असेल तर जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहावे. ‘सुभेदार, मुंबईची देशी पलटण’ एवढीच ओळ खोट्या तपशिलापेक्षा केव्हाही चांगली.

साफसफाई करताना शौचालय धुण्याचे ॲसिड, ब्लीच, तारेचा ब्रश आणि पाण्याचा जोरदार फवारा या चार गोष्टी कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर ठेवाव्यात. संगमरवर ॲसिडमध्ये अक्षरशः विरघळतो. पहिल्या दिवशी पांढराशुभ्र दिसतो आणि दोन पावसाळ्यांत त्याचा पृष्ठभाग साखरेसारखा भुरभुरू लागतो. भरपूर स्वच्छ पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश आणि लाकडी चमचा एवढ्यावर शेवाळ निघते. दगडफूल घट्ट बसले असेल तर ओले करून थांबावे, खरवडू नये. संगमरवरात शिशाची अक्षरे बसवलेली असतील तर ती हलली आहेत का हे आधी पाहावे, नाहीतर ब्रशबरोबर गळून पडतात. फुटलेल्या चौथऱ्याला सिमेंट लावू नये. जांभा श्वास घेणारा दगड आहे. सिमेंटने ओल आत कोंडते, क्षार बाहेर येतात आणि चिरा आतून पोखरला जातो. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी कोकणात आजही सापडतात, ते महाग पडले तरी त्यांनाच बोलवावे. आणि चुन्याची सफेती देण्याचा रिवाज असेल तर ती चौथऱ्यालाच द्यावी, लेखावरून कुंचला फिरवू नये. असे लेख सफेतीच्या थरांखाली गडप झालेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत.

छोटे तिरंगे रोवण्याची कल्पना परदेशी छायाचित्रांवरून आलेली दिसते. अमेरिकेत मेअखेरच्या स्मृतिदिनी प्रत्येक सैनिकाच्या कबरीवर झेंडा लावण्याची प्रथा आहे. तिथे ती शोभते, कारण तिथल्या स्वयंसेवी संस्था तो लावतात तसा काढतातही. आपल्या ध्वजसंहितेनुसार तिरंगा जमिनीला टेकता कामा नये, फाटका किंवा मळका झेंडा फडकत ठेवता येत नाही, आणि पुतळा किंवा स्मारक झाकण्यासाठी त्याचा वापर करता येत नाही. लष्करी अंत्ययात्रेत ताबूतावर ध्वज पांघरतात, पण तोही कबरीत उतरवत नाहीत. कब्रस्तानातल्या वाऱ्यात कागदी झेंडे दोन दिवसांत मातीत लोळतात. एक ध्वज, एका काठीवर, समारंभापुरता, आणि संपल्यावर सन्मानाने उतरवून घडी घालणारा एक जबाबदार माणूस, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. कबरींवर आपल्या रिवाजाप्रमाणे सब्जा आणि फुले ठेवावीत.

मानवंदनेसाठी दिवस निवडताना ११ नोव्हेंबरचा मोह होईल, कारण त्या दिवशी युद्धसमाधीस्थळांवर स्मरणविधी होतात. पण तो दिवस युद्धात मेलेल्यांचा आहे आणि आपल्या कब्रस्तानातले बहुतेक सैनिक लढून घरी आलेले आहेत. माझ्या मते १४ जानेवारीच्या आसपासचा रविवार अधिक योग्य. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून तो सशस्त्र दलांचा माजी सैनिक दिन मानला जातो. हवा कोरडी असते आणि परदेशातील मंडळीही त्या सुमारास येऊ शकतात. नेमकी १४ जानेवारीच धरायची ठरली आणि ती शनिवारी आली, तर शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असल्यामुळे पुढे ढकलावी लागेलच, हे लष्करी आणि सरकारी मंडळींना आधीच सांगून ठेवा. त्यांना ते ठाऊक नसते. कद्दीश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणायची तर मिन्यान, म्हणजे किमान दहा पुरुषांची उपस्थिती हवी, आणि गावात आता दोन-चारच घरे उरली असतील तर मुंबई-ठाण्याहून मंडळी कोण आणणार हे महिनाभर आधी ठरवावे. कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातील पाहुण्यांना धर्मनियमानुसार कुंपणाबाहेर उभे राहावे लागते. त्यांच्यासाठी फाटकाशी सावलीत जागा करावी.

लष्कराकडून बिगुलर मिळवायचा असेल तर विनंती थेट एखाद्या ओळखीच्या कर्नलसाहेबांना न करता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत लेखी करावी आणि सोबत ओळख पटलेल्या सैनिकांची यादी पुराव्यांसह द्यावी. तुकडी मिळेलच असे नाही. जवळच्या महाविद्यालयाचे एनसीसी पथक, तालुक्यातील माजी सैनिक संघटनेचे चार सदस्य पदके लावून, आणि हज्जानांनी, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांनी म्हटलेली हश्काबा ही मृतात्म्यांसाठीची प्रार्थना, एवढ्यातही सोहळा नेटका होतो. क्रम साधा ठेवावा: प्रत्येक नाव, हुद्दा आणि पलटण मोठ्याने वाचणे, बिगुलावर लास्ट पोस्ट ही मृत सैनिकांना निरोप देणारी धून, दोन मिनिटे शांतता, मग प्रार्थना. भाषणे कब्रस्तानात नकोत. ती सिनेगॉगच्या ओसरीवर चहाबरोबर होऊ द्यावीत. नावे वाचायला कुटुंबांतील मुले उभी करावीत, पण आदल्या दिवशी त्यांच्याकडून पलटणींची नावे घोटून घ्यावीत. आणि कब्रस्तानाची राखण करणारे शेजारचे हिंदू किंवा मुसलमान कुटुंब असेल, तर त्यांना पहिल्या रांगेत बसवण्याचे विसरू नये.

निधीचा मोठा भाग मात्र समारंभाआधी जमिनीच्या कागदांवर खर्च करावा, हे मी आग्रहाने सांगेन. कब्रस्तानाचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आज कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती दाखवले आहे आणि प्रत्यक्षात किती उरले आहे, हे मोजणी करून तपासावे. समाज स्थलांतरित झालेल्या गावांत रस्ता रुंद होताना किंवा शेजारचे कुंपण सरकताना हरकत घेणारे कोणी उरत नाही. न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर कब्रस्तान त्याच्या मालमत्तेच्या परिशिष्टात आहे का, तेही पाहावे. मयत विश्वस्तांची नावे बदलून घेण्याचा अर्ज रखडलेला असतो, तो मार्गी लावावा. कबरींची यादी, नकाशा आणि छायाचित्रे तयार झाली की त्यांची एक प्रत न्यासाच्या दप्तरात, एक इस्रायलमधील नातेवाइकांकडे, एक संबंधित रेजिमेंटल केंद्राकडे आणि एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ठेवावी.

शेवटी आपण विचारलेल्या पदकांबद्दल. आजोबांची मूळ पदके शिळेत काचेखाली बसवावीत का, असा आपला प्रश्न होता. बसवू नयेत. पहिल्या पावसाळ्यात काचेच्या आत पाणी शिरते आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पदके चोरीला जातात. कुटुंबाने ती कोरड्या डबीत, रिबिनीसकट, आम्लविरहित कागदात गुंडाळून ठेवावीत आणि मानवंदनेच्या दिवशी नातवाने किंवा नातीने ती उजव्या छातीवर लावून यावे. डावी बाजू स्वतः मिळवलेल्या पदकांची असते.